बाबांच्या आवाजाचा प्रयोग

तिला घरीदारी सगळे मास्तर म्हणत. पाच वर्षांची असताना, घरी कपाट करायला आलेल्या सुतारासमोर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "आधी मोजा, मग कापा." सुतार पोट धरून हसला आणि जाताना दारातून म्हणाला, "येतो हं, मास्तर." तेव्हा चिकटलेलं नाव पुढं कुणी काढायच्या भानगडीत पडलं नाही. आता ती दहावीत होती, आईपेक्षा चांगली बोटभर उंच झाली होती, आणि आपलं म्हणणं खरं असतं याबद्दल तिच्या मनात अजूनही फारशी शंका नव्हती.

धाकटीचं नाव बटण. लहानपणी गोल आणि घट्ट होती म्हणून. बटण शाळेच्या बास्केटबॉल संघात होती आणि संघातली सगळ्यात बुटकी असूनही चेंडू तिच्या हातातून सहजासहजी कुणाला काढता येत नसे.

आणि बाबा. बाबा छापखान्यात मोठ्या मशीनवर होते. दिवसभर त्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायचं, त्यामुळं घरी आल्यावरही त्यांचा गळा खाली उतरत नसे. आईच्या कानात त्यांनी काही गुपित सांगितलं की भिंतीपलीकडून शेजारच्या काकू "अरे वा, कधी?" म्हणून विचारत. माणूस मनानं लोण्याचा. फक्त आवाजाचं बटण त्यांना देवानं एकाच बाजूला फिरणारं दिलं होतं.

बटणच्या प्रत्येक सामन्याला बाबा सुट्टी टाकून जात. कठड्याला पोट टेकवून उभे राहत आणि पहिल्या शिट्टीपासून सुरू होत. "कोपर आत. गुडघे वाक. घाई नको. अगं, डावीकडे बघ डावीकडे." समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा कधीकधी डावीकडे बघत. संघाचे सर सज्जन होते. ते नुसते टोपी पुढं ओढून घेत.

एका सामन्यानंतर बटण घरी आली, बूट पलंगाखाली भिरकावले आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मास्तर अभ्यास करत होती.

"हरलात?"

"जिंकलो."

"मग?"

"पुढच्या मॅचला बाबा येणार असतील तर मी संघ सोडते."

"का?"

"ओरडतात. सगळ्या वेळ. फक्त माझ्याच नावानं."

"मग सांग त्यांना."

बटणनं मान वळवून बहिणीकडे बघितलं. "तू सांग."

मास्तरनं विचार केला. बाबांना तोंडावर सांगायचं म्हणजे त्यांचा चेहरा पडणार. तो पडलेला चेहरा दोन्ही पोरींना सोसत नसे; बाबा रागावले असते तर एक वेळ परवडलं असतं. शिवाय नुसतं 'आवडत नाही' म्हटलं तर ते म्हणणार, अगं, मी तुझ्या भल्यासाठीच ओरडतो, माझ्या ओरडण्यानं तुझा खेळ सुधारतो. तिथंच घोडं अडणार. म्हणजे, मास्तरनं ठरवलं, आधी हेच सिद्ध करायचं की सुधारत नाही. उलट बिघडतो. पुराव्यासकट. मग चेहऱ्याचा प्रश्नच येत नाही, विज्ञानच बोलेल.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प द्यायचाच होता. दुसऱ्या दिवशी ती विज्ञानाच्या बाईंकडे गेली. बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत होत्या.

"प्रेक्षकांच्या ओरडण्याचा खेळाडूंच्या कामगिरीवर होणारा परिणाम," मास्तरनं एका दमात विषय सांगितला.

"आणि काय निघेल असं वाटतं तुला?"

"कामगिरी खालावते."

"वाटतं की माहीत आहे?"

"जवळजवळ माहीत आहे."

बाईंनी नळी उजेडात धरून बघितली. "ज्याला उत्तर आधीच माहीत असतं त्याचा प्रयोग मी दुप्पट बारकाईनं तपासते. मांड आणि दाखव."

मास्तरनं मांडलं. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो असतो: खेळाडूनं रेषेवर एकटीनं उभं राहायचं, कुणी अडवायचं नाही, चेंडू रिंगमध्ये टाकायचा. मोजायला याहून सोपं काही नाही. चेंडू आत गेला किंवा नाही गेला. संघातल्या मुली तीन प्रकारे फेकणार. एकदा शांततेत, एकदा ध्वनिमुद्रित गर्दीच्या गोंगाटात, आणि एकदा बाबा ओरडत असताना. कुठला प्रकार आधी, कुठला नंतर, ते प्रत्येकीनं चिठ्ठी उचलून ठरवायचं, म्हणजे दमल्याचा किंवा हात बसल्याचा फायदा-तोटा एकाच प्रकाराच्या वाट्याला जाणार नाही.

"मोजणार कोण?" बाईंनी विचारलं.

"सर."

"तुमच्या सरांना निकाल काय यावासा वाटतो?"

मास्तरनं जीभ चावली. सर कालच तिला म्हणाले होते, "या ओरडण्याचा काय तो निकाल लाव गं एकदाचा." तिनं उपाय काढला. बाबांच्या छापखान्यात कान झाकायचे जाड डबे मिळत. बाबा स्वतः ते कधीच घालत नसत, त्यांची जोडी कोरी पडली होती. सरांनी ते घालून, सगळ्यांकडे पाठ करून, बोर्डाखाली बसायचं आणि फक्त रिंगकडे बघायचं. ओरडणं चालू आहे की नाही हे त्यांना कळताच कामा नये. बाईंनी नळी स्टँडला लावली आणि पहिल्यांदाच हसल्या. "कर सुरू."

राहिले बाबा. त्यांना मास्तरनं इतकंच सांगितलं की प्रेक्षकांच्या आवाजावर प्रकल्प आहे आणि एक खरा, दमदार आवाज हवा. बाबांचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या दिवशी अख्ख्या छापखान्याला कळलं की त्यांच्या आवाजावर शास्त्रीय संशोधन चालू आहे. त्यांनी कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. आईनं विचारलं, "अहो, गाण्याच्या परीक्षेला बसताय का?" तर म्हणाले, "आवाज बसला तर पोरीचा प्रकल्प बसेल."

पहिल्या शनिवारी मास्तरनं मैदानाच्या कडेला खडूनं चौकोन आखला आणि बाबांना त्यात उभं केलं. हातात कागद दिला. त्यावर त्यांचीच नेहमीची वाक्यं होती, क्रमानं.

"हे कुणी लिहिलं?" बाबांनी कौतुकानं विचारलं.

"तुम्हीच. मी फक्त उतरवून घेतलं. बाबा, प्रत्येकीला हीच वाक्यं, याच क्रमानं, एवढ्याच जोरात. फोनवर आवाज मोजतेय मी. फक्त नाव बदलायचं."

"आणि एखादीचं कोपर खरंच बाहेर असलं तर?"

"तरी एवढंच."

"आत असलं तर?"

"तरी 'कोपर आत' म्हणायचं."

बाबांना हे फार जड गेलं. आत असलेल्या कोपराला आत घे म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण त्यांनी काम चोख केलं. चौकोनाबाहेर पाऊल टाकलं नाही, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. मुलींची आधी हसून मुरकुंडी वळली, मग त्या सरावल्या. संघाची कप्तान, जिला सगळ्या शिडी म्हणत, ती तर बाबांची वाट बघायला लागली. "काका, आज माझ्यापासून," असं म्हणून पुढं यायची. बटण मात्र खाली मान घालून रेषेवर जायची, फेकायची आणि मागं यायची. सर कानांवर डबे चढवून बोर्डाखाली बसत आणि पाठमोरेच एक बोट वर करत किंवा करत नसत.

महिनाभर हे चाललं; पुढचा सामना त्यानंतरच होता. एकही शनिवार चुकला नाही.

शेवटच्या सत्रानंतरच्या दुपारी मास्तर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसली. आकडे भरले, बेरजा झाल्या, आलेख काढला. पडद्यावर तीन खांब उभे राहिले. शांतता, गोंगाट, बाबा. तिन्ही खांब एका उंचीचे. केसाएवढा फरक होता, तो कुठं इकडे तर कुठं तिकडे. तिनं बेरजा पुन्हा केल्या. तेच. फक्त बटणचे आकडे वेगळे काढून बघितले. बाबा ओरडत असताना बटणचा एक चेंडू जास्तच आत गेला होता.

मास्तरला कुणी तोंडावर पाणी मारावं तसं झालं. मग तिनं यादी वरून खाली वाचायला सुरुवात केली. एकीचं बोट मुरगळलेलं होतं आणि तिनं ते लपवलं होतं. तिला काढायला हरकत नव्हती. काढलं. खांब तसेच. आणखी एक जण एका शनिवारी उशिरा आली होती. तिलाही काढलं. बाबांचा खांब किंचित खाली आला. एक मुलगी तर सगळं थट्टेवारीच नेत होती. तिला काढल्यावर तो चांगला दिसण्याइतका झुकला.

आई मागं येऊन उभी होती. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "मघाशी तिन्ही सारखे होते ना?" तिनं विचारलं.

"काही मुलींचे आकडे धरण्यासारखे नाहीत."

"हं." आईनं खुर्ची ओढली. "आमच्याकडे काही जण तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येतात. नंबर वाढला म्हणून कुणी बोलू नये म्हणून. घडाघडा वाचतात. मी म्हणते, छान. आणि मग बाहेर जाताना काचेच्या दाराला धडकतात."

मास्तरला हसू आलं, पण तिला ते आवडलं नाही. ती बराच वेळ त्या झुकलेल्या खांबाकडे बघत बसली. बोट मुरगळलेली मुलगी तिन्ही प्रकारांत त्याच बोटानं फेकत होती. उशिरा आलेलीनंही तिन्ही प्रकार पुरे केले होते. थट्टा करणारी तिन्ही प्रकारांत थट्टाच करत होती. काढायचं कारण एकच होतं, आणि ते कारण मास्तरला चांगलं ठाऊक होतं. तिनं तिघींना पुन्हा आत घेतलं. खांब सरळ झाले.

"मी चुकले," ती म्हणाली.

"प्रयोग चुकला?"

"नाही. प्रयोग चांगला झालाय. मीच चुकले." हे म्हणताना तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. प्रयोग तिनं असा बांधला होता की तो तिच्याही दडपणाखाली वाकला नव्हता. यात थोडा अभिमान वाटण्यासारखं होतं, आणि तिला तो वाटला.

संध्याकाळी जेवताना बाबांनीच विषय काढला. "काय मग, शास्त्रज्ञ? आला का निकाल?"

"आला."

"सांग. जे असेल ते सांग. वाईट असलं तरी चालेल."

"तुमच्या ओरडण्यानं काही फरक पडत नाही, बाबा."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे किती?"

"काहीच नाही. शांतता असली काय, गर्दी असली काय, तुम्ही असलात काय. सारखंच."

"काडीचाही नाही?"

"काडीचाही नाही."

बाबांनी घास ताटात ठेवला. वाईट निकालाची त्यांनी तयारी केली होती. नुकसान होतं असं निघालं असतं तरी त्यांनी छातीवर झेललं असतं. पण हे त्यांच्या गावीही नव्हतं. "इतकी वर्षं मी ओरडतोय," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज त्या खोलीतच राहिला. "छापखान्यात आता काय सांगू?"

ज्या चेहऱ्याला दोघी इतक्या भीत होत्या तो चेहरा अखेर पडलाच. मास्तर काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात बटण बोलली.

"चेंडू जातो आत. पण मला मजा येत नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

"तुम्ही ओरडायला लागलात की मला दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही. शिडी पास मागते, ते पण नाही. मॅच संपेपर्यंत मला वाटत राहतं, की मी तुमच्यासमोर परीक्षा देतेय. मागच्या वेळी जिंकलो, तेव्हा सगळ्या नाचत होत्या. मी तुम्ही काय म्हणाल त्याचाच विचार करत होते."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही बोलत होतात."

आईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग बटणकडे, आणि मग तेही हसले, जरा ओशाळून. "बरं," ते म्हणाले. "मग कसं करायचं? घरी बसू?"

"घरी नका बसू," बटण घाईनं म्हणाली. "या. फक्त माझ्या नावानं ओरडू नका."

"दुसऱ्यांच्या नावानं चालेल?"

बटणनं खांदे उडवले. "त्यांना विचारा."

मास्तर ऐकत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की महिनाभर तिनं रिंगला प्रश्न विचारला होता. मुलींना विचारलाच नव्हता. आणि बहिणीनं जे काम तिच्यावर सोपवलं होतं, ते तिनं आपल्या अंगावरून झटकून विज्ञानाच्या गळ्यात घातलं होतं. विज्ञानानं विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर दिलं होतं. त्याची काही चूक नव्हती.

सोमवारी सरावानंतर ती बाकावर एकेकीला घेऊन बसली. प्रश्न एकच: काका ओरडतात तेव्हा तुला कसं वाटतं? उत्तरं ऐकून ती चाट पडली. कुणी म्हणालं, मला तर ऐकूच येत नाही. कुणी म्हणालं, राग येतो. एक जण म्हणाली, हसू येतं, मग हात मोकळा होतो. शिडीनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, "माझ्या घरून कुणी येत नाही. दुकान असतं त्यांचं. तुझे बाबा 'शिडी, घाई नको' म्हणाले की मला बरं वाटतं. त्यांना थांबवू नकोस हं."

ही सगळी उत्तरं मास्तरनं प्रकल्पाला जोडली. आलेखाखाली ठळक लिहिलं: ओरडण्यानं फेक बदलत नाही, फेकणारीला काय वाटतं ते मात्र बदलतं, आणि प्रत्येकीचं वेगळं. बाईंनी वाचून एकच गोष्ट बदलायला सांगितली. "'बदलत नाही' असं लिहू नकोस. 'आम्हाला बदल आढळला नाही' असं लिही. तुम्ही संघ एकच बघितलात, आणि तोही सरावात." मास्तरला ते पटलं, आणि जे पटतं ते लिहायला तिला कधीच जड जात नसे.

पुढच्या सामन्याला बाबा कठड्याशी होते. शिडीला, तिच्या मागच्या मुलीला, राखीव खेळाडूंनासुद्धा त्यांनी नावं घेऊन धीर दिला. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांची नावं आईनं त्यांच्याकडून आधी घोकून घेतली होती. चेंडू बटणच्या हातात आला की ते घाईघाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावत. मध्यंतरापर्यंत बाटली रिकामी झाली आणि त्यांना दोनदा जाऊन यावं लागलं. बटणनं शिडीला तीन सुरेख पास दिले. त्यातला एक बाबांना दिसलाच नाही, कारण ते तेव्हा स्वच्छतागृहात होते. त्यांनी घरी येऊन तो पुन्हा पुन्हा वर्णन करून घेतला.

प्रदर्शन एका मोठ्या सभागृहात होतं. मास्तरच्या टेबलाशेजारी दोन मुलांचा यंत्राचा हात होता. पेला उचलायचा आणि हमखास मध्येच सोडून द्यायचा. परीक्षक तिघे होते. त्यातल्या एक खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी तिन्ही खांब बघितले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे काहीच निघालं नाही?"

"निघालं ना," मास्तर म्हणाली. "आम्हाला फरक आढळला नाही, हे निघालं. शोधूनही आढळला नाही. चिठ्ठ्या टाकून, मोजणाऱ्याचे कान झाकून."

"तुला काय निघायला हवं होतं?"

"बाबांच्या ओरडण्यानं खेळ बिघडतो, असं. मी तेच दाखवायला निघाले होते."

"मग वाईट नाही वाटलं?"

"एक दुपारभर वाटलं. तीन मुली गाळून बघितल्या, तर मला हवं तसं येत होतं. पण गाळायला कारण नव्हतं, म्हणून परत घेतल्या. तो आलेखही आणलाय, बघायचा तर बघा."

डॉक्टरांनी तो मागून घेतला आणि सोबतच्या दोघांना दाखवला. तिघे बराच वेळ त्याच्यावर वाकून बोलत होते. मग त्यांनी तिला इतके प्रश्न विचारले की शेजारची दोन मुलं आपला हात सोडून ऐकायला आली. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, आणि जिथं नव्हतं तिथं "ते आम्ही बघितलं नाही" हे उत्तर तिनं तितक्याच ठामपणे दिलं.

बक्षीस मिळालं नाही. यंत्राच्या हाताला तिसरं मिळालं. मास्तरला ते अजिबात पटलं नाही आणि तसं तिनं बाईंना सांगितलंही. बाई म्हणाल्या, "मलाही नाही पटलं. चल, सामान आवर."

ती आलेखाच्या टाचण्या काढत होती तेव्हा एक उंच बाई टेबलाशी येऊन थांबल्या. दुसऱ्या एका शाळेत पोहायला शिकवत होत्या. केस अजून ओलेच होते.

"आमच्याकडे पालक तलावाच्या काठानं पळत ओरडतात," त्या म्हणाल्या. "एकदा एक वडील पाण्यात पडलेत. तू येशील का आमच्याकडे, हेच करायला?"

"येईन," मास्तर म्हणाली. "पण चिठ्ठ्या टाकायच्या. वेळ मोजणाऱ्याचे कान झाकायचे. आणि निकाल तुमच्या मनासारखा आला नाही तरी भिंतीवर लावायचा."

"कबूल."

"पोहताना कान पाण्यात असतात. तुमच्या मुलांना ते ओरडणं ऐकू तरी येतं का?"

त्या बाईंनी ओले केस मागं सारले. "हे मी कधी कुणाला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरनं टाचण्या डबीत टाकल्या आणि पेन उघडलं. "तुमचा सराव किती वाजता असतो?"